घोणस अळी, पित्ताच्या गांधी आणि देवळीतली गोळी



परवा एका शेतकरी भावाने दंडाचा फोटो पाठवला. खाली एकच ओळ: "दादा, ही घोणस अळीच ना? कोणतं औषध मारू?"

औषध बांधावर मारायचं की दंडावर, हे काही त्याने लिहिलं नव्हतं. मी लगेच फोन लावला आणि चार-पाच प्रश्न विचारले. तो म्हणाला, "दादा, तुम्ही तर डॉक्टरसारखं विचारायला लागले." मी म्हणालो, "बाबा, हे प्रश्न न विचारल्यामुळे मी एकदा घरातलं माणूस धोक्यात घातलंय."

ती गोष्ट आज लिहितो. एरवी या पानावर पिकाच्या नोंदी असतात, आजची नोंद अंगावरच्या खाजेची आहे. पण वाचाल तर कळेल, शेतातल्या निदानात आणि अंगावरच्या निदानात फार फरक नाही.

सप्टेंबर २०२२. आपल्या आष्टी तालुक्यात घोणस अळीने धुमाकूळ घातला होता. खरं तर अळीने कमी आणि मोबाइलने जास्त. उसात, बांधावरच्या गवतात हिरवी-पिवळी, अंगभर काट्यांचे झुपके असलेली अळी दिसायची. काही शेतकऱ्यांना ती लागली, दवाखान्यात न्यावं लागलं, बातम्या आल्या. मग मेलेल्या माणसांचे फोटो अळीच्या फोटोला जोडून फिरायला लागले. "ही चावली की माणूस पाच मिनिटांत खलास," असे आवाज ग्रुपवर येऊ लागले. नावातच घोणस. सापाचं नाव ऐकल्यावर आपल्याकडे कोण थांबून विचार करतो?

आता खरं काय ते सांगतो. ही स्लग कॅटरपिलर, लिमाकोडिडी कुळातल्या पतंगाची अळी. पाठीवरच्या नक्षीमुळे तिला आपण घोणस म्हणतो, सापाशी तिचा काही संबंध नाही. पोटाखाली इतर अळ्यांसारखे पाय नसतात, गोगलगायीसारखी सरकत जाते. ती चावत नाही, अंगावर धावूनही येत नाही. तिचे काटे पोकळ असतात आणि त्यांच्या बुडाशी विष असतं. आपला हात लागला की काट्याचं टोक कातडीत मोडतं आणि विष उतरतं. आग होते, ठणका लागतो, खाज सुटते. बहुतेकांचं काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत बरं होतं. ज्याला मुळात अॅलर्जी आहे त्याला जास्त त्रास होऊ शकतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या कीटकशास्त्रज्ञांनी आणि कृषी विभागाने तेव्हाच सांगितलं होतं की घाबरू नका, काळजी घ्या. पण शांत माणसाचं बोलणं कधी व्हायरल होत नाही.

आमच्या गावात परिणाम काय झाला? रोजंदारीच्या बाया गवताला हात लावेनात. "दादा, सोयाबीन काढायला येतो, पण बांधावर नाय जायचं." त्यांचंही बरोबरच होतं. जीव गेल्यावर रोज घेऊन काय करणार? पण गोठ्यात चार गाया आणि दोन वासरं. त्यांना कोण सांगणार की अळी आलीय, आठ दिवस चारा मागू नका? मी मळणीच्या मागे पळत होतो. म्हणून गिन्नी गवत आणि बांधाचा चारा कापायचं सगळं काम माझ्या बायकोवर आलं. पूर्वी दोघी-तिघी मिळून करायच्या ते ती एकटी करू लागली. पूर्ण बाह्यांचा माझा जुना शर्ट, हातमोजे, पायात बूट, सगळं घालून जायची.

गणपती उठले त्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी रात्री आठ-साडेआठला ती म्हणाली, "अहो, अंगाला लई खाज सुटलीय." बघतो तर मांड्या, पोट, पाठ, सगळीकडे गांधी. मच्छर चावल्यावर उठते तशी, पण रुपयाएवढी, काही तळहाताएवढ्या. कडा उठलेल्या, मध्ये फिकट. आईने आमसुलाचं पाणी लावलं आणि घोंगडी पांघरायला दिली. घोंगडीच्या उबेने खाज आणखी वाढली, ती बाजूला टाकली. सकाळी उठून बघतो तर अंग साफ. एकही डाग नाही.

"अळीचं तूस उडालं असंल," शेजारचे तात्या म्हणाले. मलाही पटलं. त्या महिन्यात गावात कोणाच्या अंगाला काहीही झालं तरी आरोपी एकच होता.

त्याच आठवड्यात तात्यांच्या मुलाला खरी अळी लागली. उसाचं पाचट ओढताना हाताच्या आतल्या बाजूला. पोरगं असं ओरडलं की आम्ही दोन शेतं ओलांडून पळत गेलो. बघितलं तर एकाच जागी, दोन बोटं रुंद पट्ट्यात, ओळीने टोचल्यासारखे बारीक ठिपके आणि भोवती सूज. आधी आग, नंतर खाज. चिकटपट्टी लावून ओढली, तसे बारीक काटे निघून आले. साबणाने धुतलं, बर्फ लावला. दुसऱ्या दिवशीही खूण त्याच जागी होती, फक्त फिकी झाली होती. तिसऱ्या दिवशी पोरगं क्रिकेट खेळत होतं.

मंडळी, दोन्ही गोष्टी माझ्या डोळ्यासमोर घडल्या. एकाला अळी लागलेली दिसली तेव्हा पुरळ एका जागी होतं, आधी दुखलं, खूण टिकली. माझ्या घरात अळी कोणी पाहिलीच नव्हती, पुरळ अंगभर होतं, कपड्याखालच्या पाठीवर जास्त होतं, दुखत नव्हतं, नुसतं खाजत होतं आणि सकाळपर्यंत गायब. तरी मी दोन्हीला एकच नाव दिलं. पिवळं पान दिसलं की नत्र कमी म्हणून युरिया टाकणाऱ्याला मी हसतो. मुळं बघितली का, पाणी साचलंय का, पिवळेपणा खालच्या पानावर आहे की शेंड्यावर, असं विचारतो. घरात मात्र मी तोच युरियावाला झालो.

तीन-चार दिवसांनी पुन्हा तसंच. पुन्हा रात्री आठच्या सुमाराला. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळेनंतर मी चिडून चार पंप भरले आणि बांध, गिन्नी गवत, सगळ्यावर कीटकनाशक मारून टाकलं. अळ्या किती होत्या? मोजल्या नव्हत्या. फवारून घरी आल्यावर लक्षात आलं की हेच गवत उद्या गायांना टाकायचंय. फवारलेला चारा दुभत्या जनावराला कसा घालायचा? दोन आठवडे विकतची वैरण आणली. आर्थिक नुकसान पातळीवर भाषण देणारा मी, कीड न मोजता फवारणी केली. तीही माणसाच्या अंगावरच्या पुरळावर.

मग आली सर्वपित्री अमावस्या. २५ सप्टेंबर, रविवार. त्या दिवशी आणि आदल्या दिवशीही ती शेतात गेली नव्हती. घरात पितरांचा स्वयंपाक. खीर, कढी, वडे, गवारीची भाजी, भावकीतली वीस-पंचवीस माणसं. पहाटेपासून चुलीपुढे उभी. संध्याकाळी पाहुणे गेले, भांडी झाली. आठ वाजता पुन्हा गांधी. या वेळी मात्र अर्ध्या तासात डोळ्यांच्या पापण्या सुजल्या आणि वरचा ओठ इतका फुगला की तिला नीट बोलता येईना.

घरात लगेच दुसरा आरोपी उभा राहिला. "वड्याचं तेल बाधलं." "गवार उष्ण पडली." कोणी म्हणालं पितर नाराज आहेत. मी मात्र गार पडलो. कारण अळीचा हिशोब त्या क्षणी मोडला होता. दोन दिवस बांधाला पाय न लावलेल्या बाईला अळी लागली कुठे?

पिकअप काढली आणि तालुक्याचा सरकारी दवाखाना गाठला. ड्युटीवर तरुण डॉक्टर होते. त्यांनी आधी तोंड उघडायला लावून जीभ आणि घसा पाहिला, श्वास ऐकला, बीपी घेतलं, बोटाला ऑक्सिजनची क्लिप लावली. "श्वासाला त्रास? आवाज बसलाय? चक्कर? उलटी?" सगळ्याला नाही. मग म्हणाले, "नशीब चांगलं आहे. यातलं एक जरी असतं तर मी आधी मांडीत अॅड्रेनॅलिन दिलं असतं आणि मग तुमच्याशी बोललो असतो." इंजेक्शन दिलं आणि रात्रभर समोरच्या कॉटवर ठेवून घेतलं.

मी अळीची गोष्ट सांगायला लागलो. त्यांनी ऐकून घेतली. मग गांधीभोवती बॉलपेनने गोल काढला आणि वेळ लिहिली. म्हणाले, "सकाळी बघू."

मग तिला विचारलं, "ताई, गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

"कोणत्याच नाय."

"बीपी, शुगर, थायरॉइड?"

"नाय."

"दुखण्याची?"

"दुखण्याची घेते की कधीमधी. पण ती काय औषध हाय का? ती अंगदुखीची गोळी."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "आज घेतली?"

"सांजच्याला घेतली. सात वाजता असंल. कंबर मोडली होती."

मी सकाळी घरी येऊन देवळीतलं पाकीट आणलं. डायक्लोफेनॅकची गोळी. दहाच्या पाकिटात सहा शिल्लक. चार गोळ्या गेल्या होत्या आणि चार वेळा पित्त उठलं होतं. प्रत्येक वेळी गोळी सातला, गांधी आठ-साडेआठला.

आता धागा उलटा पकडून बघा. अळीच्या भीतीने बाया आल्या नाहीत. बाया आल्या नाहीत म्हणून ही एकटी चारा कापत राहिली. एकटी कापली म्हणून कंबर धरली. कंबर धरली म्हणून गोळी घेतली. ज्या दिवशी बांधावर जायची त्याच दिवशी गोळी घ्यायची, म्हणून आम्हाला वाटायचं बांधामुळे होतंय. अमावस्येला बांध नव्हता, गोळी मात्र होती. कृषी पदवीधर मित्र या पानावर आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको. दोन गोष्टी कायम जोडीने येतात म्हणून एकीमुळे दुसरी होते असं नसतं, कधी कधी तिसरीच मागे उभी असते.

पेनाने काढलेला गोल सकाळी रिकामा होता. आतली गांध गेली होती आणि चार बोटांवर नवी उठून तीही विरत होती. डॉक्टर म्हणाले, "हीच पित्ताची खूण. एक गांध एका जागी २४ तासांच्या आत विरते आणि मागे डाग ठेवत नाही. नव्या उठत राहतात म्हणून वाटतं की पुरळ तेच आहे." आपण पित्त म्हणतो, पण पोटातल्या पित्ताचा इथे संबंध नाही. कातडीतल्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात, बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, जागा फुगते आणि खाजते. तेच कातडीच्या खोल थरात झालं की ओठ, पापण्या सुजतात. कारण गोळी असेल, अन्न असेल, गांधीलमाशी असेल, कधी साधा सर्दी-तापही असतो. सहा आठवड्यांच्या पुढे रोज चालू राहिलं तर त्याला जुनाट म्हणतात आणि तेव्हा बऱ्याचदा बाहेरचं कारण सापडतच नाही. मग शोधत बसण्यापेक्षा नीट उपचार घ्यावा लागतो.

गोळी बंद केली. त्यानंतर एकदाही तसं झालं नाही. डॉक्टरांनी बजावलं, "खात्री करायला म्हणून घरी पुन्हा घेऊन बघू नका. याच जातीच्या बाकीच्या वेदनाशामक गोळ्याही मला विचारल्याशिवाय नकोत." त्या गोळीचं नाव तिने रेशनकार्डाच्या प्लॅस्टिक कव्हरमध्ये चिठ्ठीवर लिहून ठेवलंय. दवाखान्यात कोणत्याही कामाला गेली तरी आधी ती चिठ्ठी टेबलावर ठेवते.

हे झाल्यापासून खाजेची तक्रार कोणी आणली की मी सल्ला देत नाही, प्रश्न विचारतो. डॉक्टर व्हायला नाही, डॉक्टरांकडे नीट माहिती घेऊन जाता यावं म्हणून. तुम्हीही हे लिहून ठेवा.

पहिला प्रश्न: एक पुरळ किती वेळ टिकतं? पेनाने गोल करा, वेळ लिहा, मोबाइलवर फोटो काढा. २४ तासांत जागा सोडली तर पित्त. त्याच जागी दोन-तीन दिवस राहिलं, खाजेपेक्षा जळजळ जास्त असली, जाताना काळानिळा डाग ठेवला, तर ते साधं पित्त नाही, दाखवायलाच हवं. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून "लाल नाही म्हणजे काही नाही" असं समजू नका. मोबाइलची बॅटरी आडवी धरा, उंचवट्याची सावली पडते. हात फिरवा, बोटांना कळतं.

दुसरा प्रश्न: नेमकं कुठे? गाजर गवताचं बघा. हे १९५० च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलं आणि आता आपल्या प्रत्येक बांधावर आहे. त्यातल्या पार्थेनिन नावाच्या द्रव्याची ज्याला अॅलर्जी बसते, त्याची खाज कपड्याबाहेरच्या भागावर असते. पापण्या, मान, कानामागे, कोपराच्या आतली घडी. कातडी कोरडी, जाड, चिरलेली होते. ती उपटल्यावर लगेच येत नाही, बऱ्याचदा एक-दोन दिवसांनी येते आणि आठवडेच्या आठवडे जात नाही. वाळलेल्या गवताची धूळ हवेतूनही लागते, म्हणून "मी तर हात लावला नाही" हे खरं असूनही कारण तेच असू शकतं. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पॅच चिकटवून, दोन दिवसांनी काढून, याची खात्री करू शकतात. नायट्याची जागाही ठरलेली असते. जांघ, कंबरपट्टा, काख, जिथे घाम साचतो तिथे. कडा उठलेली गोल रिंगण आणि मध्ये साफ.

तिसरा प्रश्न: कधी खाजतं? रात्री अंथरुणात पडल्यावर जास्त, बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, बेंबीभोवती बारीक पुरळ, तर खरजेचा संशय घ्या. पावसाळ्यात रात्री दिव्याखाली बसला होता आणि सकाळी मानेवर रेघ ओढल्यासारखी भाजल्याची खूण दिसली, तर तो मुंगीसारखा लांबट, नारिंगी-काळा पेडेरस किडा अंगावर चिरडला गेला असेल. तो चावत नाही, चिरडल्यावर त्याच्या अंगातलं द्रव्य भाजतं. शेतात तो मित्रकीटक आहे. अंगावर बसला तर फुंकर मारा, मारू नका, आणि जागा साबणाने धुवा. फवारणीनंतर काही तासांत हातापायांवर, पंपाच्या पट्ट्याखाली आग सुरू झाली तर कपडे उतरवून साबणाने अंघोळ, आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना.

चौथा प्रश्न: घरात अजून कोणाला? पित्त एकाला होतं, खरूज घराला होते. दसरा झाला की आपल्या जिल्ह्यातली कुटुंबं ऊसतोडीला निघतात. एका कोपीत पाच-सहा माणसं झोपतात, पाणी कमी, कपडे कमी. तिथे एकाला मलम लावून उपयोग नाही. डॉक्टर देतील ते औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावायचं आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे पुन्हा लावायचं. कपडे-अंथरूण गरम पाण्यातून काढायचं. नाहीतर कारखाना बंद होईपर्यंत खाज एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते.

पाचवा प्रश्न आमच्या घराने शिकवलेला: मागच्या २४ तासांत पोटात काय गेलं? "औषध घेतलं का?" असं विचारू नका, नाही म्हणतील. नावं घेऊन विचारा. अंगदुखीची गोळी? तापाची? मेडिकलमधून सुटी आणलेली? झाडपाल्याची पुडी? सलाईन? इंजेक्शन?

शेवटचं, ट्यूबबद्दल. मेडिकलमध्ये "खाजेची ट्यूब" मागितली की बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेली मिळते. लावली की दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून सगळ्यांना आवडते. पण नायट्यावर लावली तर खाज दबते आणि बुरशी आतून पसरते. रिंगणाची कडा पुसट होते आणि पुढे डॉक्टरलाही ओळखणं अवघड जातं. मर रोगाच्या झाडाला टॉनिक मारून पानं दोन दिवस हिरवी दिसली तर रोग गेला का? तसंच आहे हे. अशी बरीच मलमं २०१८ मध्ये सरकारने चिठ्ठीशिवाय न विकायच्या यादीत घातली आहेत. चिठ्ठीशिवाय मागू नका, कोणी दिली तरी घेऊ नका.

आणि हे आधी वाचा, बाकी नंतर: पुरळासोबत जीभ किंवा घसा सुजला, आवाज बदलला, दम लागला, छातीत शिट्टी वाजली, चक्कर आली, उलट्या-जुलाब सुरू झाले, तर कारण शोधत बसायचं नाही. लगेच १०८ ला फोन. माणसाला आडवं झोपवा, पाय थोडे उंच करा. दम लागत असेल तर टेकून बसू द्या. उठवून चालवू नका. मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका. अळी होती की गोळी, हे जीव वाचल्यावर बघता येतं.

घोणस अळीचंही सांगून टाकतो, कारण पाऊस उघडला की ती पुन्हा कुठे ना कुठे दिसणारच. पूर्ण बाह्या, हातमोजे, कापण्याआधी काठीने गवत हलवून बघा. लागली तर चोळू नका. चिकटपट्टीने काटे ओढा, साबणाने धुवा, बर्फ लावा. डोळ्याला लागली किंवा त्रास वाढला तर दवाखाना. फवारणी मोजून, गरज असेल तरच, आणि चाऱ्यावर मारण्याआधी गोठ्यात कोण आहे ते आठवा.

आता त्या फोटोवाल्या भावाचं. मी विचारलं, रात्री जास्त खाजतं का? हो. बेचक्यात आहे का? आहे. घरात अजून कोणाला? तो थोडा थांबला. म्हणाला, "धाकट्या पोरीला आहे. आन् आईला पण. पण ते वेगळं आहे ना दादा? त्या तर शेतात येतच नाहीत."

मी म्हणालो, "म्हणूनच. तिघंही उद्या सकाळी दवाखान्यात जा. आणि बांधावर काही मारू नकोस."